मंत्र्याचं तोंड असलेली चादर

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा पौष. सोलापूरच्या स्टँडवर, अक्कलकोटच्या रांगेत, एक विणकर आणि पोतं पांघरलेली म्हातारी माझ्यापुढं उभे होते.

“अण्णा, चादर नवी दिसती की.”

“मंत्र्याच्या सत्काराला विणली, अक्का. ह्या टोकाला त्येचं हसरं तोंड बी काढलंय.”

“मग दिली न्हाय व्हय?”

“कुणाला देऊ? दुष्काळात गरिबास्नी वाटायच्या चादरी इकून खाल्ल्या म्हून काल त्येची खुर्ची गेली. आता बायको म्हणती, ह्ये तोंड घरात नको.”

“माज्या वाटची बी त्यातच गेली. ही मला द्या.”

“घ्या की. पण ह्येच्या तोंडासकट पांघराल?”

“पांघरीन की. तोंड तेवढं पायाकडं करीन. टाचा लई फुटल्यात माज्या.”