आधी पाय बघायचा, मग दार

ये गो बाय, अशी जवळ ये. दारात काय उभी राहिलीस मीटर बघायला आल्यासारखी? आणि ती पिशवी आधी खांद्यावरून उतरव. एक तर महिनोन्महिने तोंड दाखवत नाय, आणि आलीस की पिशवी मांडीवर घेऊन बसतेस, जशी काय लगेच निघायचंय. मांडीवरची पिशवी दिसली की माझं डोकं फिरतं. का ते सांगते. तुला माझं सगळं लिहून घ्यायचंय ना, मग लिही, पण सारखी मान हलवू नकोस, मला वाटतं तुला झोप आली.

मी कळव्याची, खाडीकाठच्या कोळ्याची पोर. बापूस जाळं टाकायचा, आयस टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची, बोई, कोळंबी, निवट्या, काय काय असायचं. मग कारखान्यांचं पाणी खाडीत आलं आणि माशाला रॉकेलचा वास मारायला लागला, गिऱ्हाईक वास घ्यायचं आणि पुढच्या टोपलीकडे जायचं. बापसानं जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं ते टाकलंच. जाळं बुडावं म्हणून कडेला लावतात ती शिशाची एक गोळी मी काढून घेतलेली, लग्न होऊन डोंबिवलीला आली तेव्हा बरोबर आणली. कशाला? उगाच, बापसाची आठवण. पण तिनंच पुढं मला जेवू घातलं, बघ.

माझा नवरा फर्निचरच्या दुकानात माल चढवायला होता. तेव्हा नवीन फॅशन निघालेली, कपाट आख्खं यायचंच नाय, खोक्यातून फळ्या यायच्या, दाबलेल्या भुशाच्या, वरून गुळगुळीत कागद, आणि घरी जाऊन स्क्रूनं जोडायच्या. सागवानी कपाट ब्लॉकच्या जिन्यात वळायचं नाय, हे खोकं वळायचं, म्हणून खपायचं. तर नवरा टेम्पोवरून पडला, कंबरेतनं कायमचा अधू झाला, आणि त्याच्या जागी मी जाऊन उभी राहिली. शेटनं हातात झाडू दिला.

आता ह्या कपाटांचं दुखणं एकच, दारं. आज लावली की चार दिवसांत एक वर, एक खाली, जशी एक भुवई चढवून बसलेली बाई. तक्रारी यायच्या, फिटर दुपारी जायचा, आणि दुपारी घरात बाई एकटी, ती साखळी लावून फटीतून विचारणार कोण आहे, हे घरी नाहीत, रविवारी या. रविवारी फिटरला सुट्टी. मग शेट मला बोलला, तू नुसती बरोबर जा, बाईमाणूस दिसलं की उघडतील. मी गेली, नुसती बसली, आणि बसल्या बसल्या करणार काय, बघत राहिली. फिटर पेचकसानं बिजागरीचे स्क्रू पिळायचा, दार सरळ व्हायचं, आठवड्यानं परत वाकडं. एकदा मी शिशाची गोळी दोऱ्याला बांधली आणि कपाटाच्या कडेला सोडून बघितली, तर दार कुठलं, कपाटच कललेलं! बिल्डरनं लादी मोरीकडे उतरती केलेली. पाण्याला चांगली, कपाटाला वाईट. तेव्हापासून माझा नियम, आधी पाय बघायचा, मग दार. पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवायचा, कपाट ताठ झालं की बिजागरीला अर्धा फेरा, बस. पुढं मी एकटीच जायला लागली.

आणि शेट काय शिकवायचा ते पण लिही. बोलायचा, गिऱ्हाइकाला सांगायचं, ताई, तुम्ही दार आपटता, तुमची पोरं लोंबकळतात. मी तोंडावर बोलली, शेट, तुमची लादी पुसेन, पण हे नाय बोलणार. संध्याकाळी तिचा नवरा येणार, त्याला कळणार मिस्त्रीनं सांगितलं कपाट बायकोनं मोडलं. घरात काही वाकडं झालं की बाईनं केलं, हे आधीच सगळ्यांना पाठ असतं, त्यात मी कशाला भर घालू?

आणि काय सांगू तुला, तेच माझ्या लेकीच्या ताटात वाढलेलं होतं.

सुनी माझी कल्याणला दिली. जात आमचीच, पण ती ब्लॉकमधली माणसं, सासरा कचेरीत, सासूला खाडीचं नाव काढलेलं खपायचं नाय. आंदणात कपाट दिलं, आमच्याच दुकानातलं. जोडायला फिटर गेले, मी नाय गेली, नवरीची आई पेचकस घेऊन कशी जाणार. त्यात आमची रीत, लेकीला मूल होईस्तो तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाय.

वर्ष होत आलं लग्नाला तेव्हा एका रविवारी गेली बघायला. सुनी मला आतल्या खोलीत घेऊन गेली, साडी बदलायची म्हणून खाली वाकली आणि पलंगाखालून पिशवी ओढली. कापडाची, तुझ्यासारखीच. त्यातनं साडी काढली. मी बोलली, गो, कपाट? ती बोलली, आई, हळू. दारं एकमेकांवर घासतात, कर्र वाजतं, की सासू बाहेरून ओरडते, मोडा आता, माहेरून आणलेलंच आहे. सुनेनं आपटून आपटून वाकडं केलं असं साऱ्या जिन्याला सांगून झालेलं. म्हणून पोरीनं ते उघडायचंच सोडलेलं. रिकामं कपाट भिंतीला उभं, आणि माझी लेक स्वतःच्या घरात पिशवीतनं कपडे काढून नेसते, धर्मशाळेत उतरल्यासारखी! जावई काय करत होता विचारशील. पेपर वाचत होता. वाईट नाय तो, पण पेपर वाचत होता.

पेचकस माझ्याकडे असतोच. काढला, तशी विहीण धावत आली. अहो विहीणबाई, शोभतं का हे, शेजारी काय म्हणतील, ह्यांची विहीण सुतारकाम करते? तुम्ही बसा, आम्ही दुकानातून मिस्त्री बोलावतो. त्यांना वाटायचं मी दुकानात झाडू मारते, आणि तेवढंसुद्धा ते शेजाऱ्यांपासून लपवून ठेवायचे. राग पोटात ठेवला आणि पेचकस परत कमरेला खोचला. मी बोलली, बरं, बोलवा मिस्त्री. तक्रार नक्की द्या हां.

सासऱ्यानं कचेरीतून दुकानात फोन केला. आणि शेटनं पाठवलं कोणाला? मलाच की!

विहीण दार उघडते तर मी. तुम्ही? मी बोलली, रविवारी विहीण आलेली, आज दुकानाचा मिस्त्री आलाय. दार उघडंच ठेवा, कपाट हलवायला जागा लागते. आणि पाणी आणा आधी, उन्हातून आलीय. ती बोलली, अहो, पण तुम्ही तर लेकीकडचं पाणी... मी बोलली, विहीण पीत नाय. मिस्त्री पितो. चहा पण पितो, साखर जास्त.

शेजारणी दारात जमल्या. मी गोळी सोडली, दोऱ्याचं वरचं टोक विहिणीच्याच हातात दिलं, धरा. दोरा सरळ, कपाट कललेलं, सगळ्यांना दिसलं. मग माझा आवाज चढला. मासे विकणारीची पोर मी, जिना हादरला. बोलली, बघा गो बायांनो, लादी बिल्डरनं उतरती केली, फळ्या कारखान्यानं दाबल्या, जोडलं फिटरनं, आणि वाकडं कोणी केलं, तर सुनेनं? वर्षभर पोर पिशवीत राहते तुमच्या घरात, आणि तुम्ही मला विचारता शोभतं का?

जावयाची रातपाळी होती, तो घरीच, त्यानं पेपर ठेवला आणि बोलला, आई, कुठला स्क्रू, मला दाखवा. मी बोलली, तू कपाट उचलून धर, तिला दाखवते. मी पायाखाली पत्रा सरकवला, सुनीच्या हातात पेचकस दिला, फिरव, अर्धा फेरा, पुरे. दोन्ही दारं एका ओळीत आली, आवाज नाय काय नाय. मग बोलली, लाव आता साड्या. सगळ्यांच्या देखत तिनं एकेक साडी कपाटात लावली. पिशवी रिकामी झाली, तशी मी घडी घालून काखेत मारली. सुनी बोलली, आई, राहू दे, लागेल कधी. मी बोलली, लागली तर माझ्याकडे ये न्यायला. ह्या घरात नको.

पुढं नातीच्या बारशाला मी विहीण म्हणून रीतसर पाणी प्यायली, पण मिस्त्रीचा चहा जास्त गोड होता. विहीण आता थकलीय, फोन करते, मी पण बोलते. लोक सांगतात, मावशी, झालं गेलं, राग सोड. का सोडू? तो नसता तर माझी लेक अजून पलंगाखाली वाकली असती. हात कापतात माझे आता, स्क्रूची खाच सापडत नाय, पण ती पिशवी आहे, त्यातच माझा पेचकस, पत्र्याचे तुकडे आणि बापसाची गोळी.

सुखी राहा बाय. आणि लवकर ये, असं तासाभरासाठी नको, चांगली राहायला ये. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून ठेवते. आलीस की आधी कपडे त्यात लावायचे, मग चहा.