एक रिचार्ज कमी

नाही ताई, नंबर बरोबरच आहे, पावतीवर आहे तोच. उचलला नसेल कोणी, एवढंच — इथे रेंजची नुसती बोंब आहे. बसा, दोन बटणं राहिलीत, लावून देते. खिसा खोल केलाय हं, फोन घालून बघा. पूर्वी बायका अंग सुटलं की उसवायला यायच्या, आता फोन वाढला की येतात — माझं काय, दोन्हीकडे टाकेच.

पण घर चालवायचं कसं, सांगा? माणसं चार आणि फोनही चार — होते. सगळ्यांचे रिचार्ज संपतात एकदमच, ठरवून संपल्यासारखे. तेला-साबणात हात आखडता घेता येतो, ह्यात कुठे येतो? त्यात ह्यांच्या फोनचा हप्ता, मुलाच्या फोनची फुटलेली काच — काच म्हणे, तेवढ्यात कपाट येईल! मग मीच म्हटलं, एक रिचार्ज कमी करू. कोणाचा? माझाच, आणखी कोणाचा. लेकीचा फोन बंद पडलेला, कॉलेजचं सगळं त्यावरच येतं, तिला माझा दिला — कार्डासकट. मला कशाला हवाय, मी दिवसभर मशीनवर. गिऱ्हाइकाचा आला तर निरोप घेशील ना गं? हो म्हणाली.

घेते की. म्हणजे — वर्गात असली तर नाही घेत... काय? उचलला होता? मग काय म्हणाली?

हं. राँग नंबर.

तीच ती. मऊ बोलते ना? मी ऐकलंय, ताई. परवा मैत्रिणी आल्या होत्या तिच्या, मी आत भांडी घासत होते. फोन वाजला. "शिवणकाम? नाही हो, राँग नंबर." अगदी सहज. मी घासतच राहिले. आणि मी आपली इतके दिवस तयार कपड्यांच्या दुकानांना बोल लावत होते — गिऱ्हाईक तुटलं म्हणून. बोलले नाही तिला. वय असतं एकेक. पण वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं. तिची फी ह्याच मशीनवर निघते, हे काय तिला ठाऊक नाही?

झालं, ही घ्या पिशवी. नवा नंबर? नाही घेतलेला, पुढच्या वेळी सरळ या, दार उघडंच असतं. आणि ताई — त्या नंबरावर परत लावू नका. मैत्रिणींत असते ती.