कोपराचं तेल

सुरुची: हाताला काय लावलंय, काका? नसेची तपासणी कशी करू? पट्ट्या चिकटतच नाहीयेत.

विमल: तिळाचं तेल. बाग सेवनियाच्या घरून निघताना चोळलं. दवाखान्यात न्यायचा हात, कोरडा कसा न्यायचा?

सुरुची: पर्चीवर लिहिलं होतं ना, काकू, तेल-क्रीम काही नको म्हणून. ठीक आहे, स्पिरिटने पुसते. काका, कोपर असंच वाकवून ठेवा. छोटे छोटे झटके बसतील.

नारायण: बसू दे. मंडीदीपच्या कारखान्यात तीस वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त करतोय, झटक्यांचं काय एवढं. पण करंगळी माझी राहिली नाही बघ. नट हातातून कधी पडतो, कळत नाही.

(यंत्राची टकटक. नारायणची करंगळी आपोआप उडते.)

सुरुची: मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत नस मस्त चाललीय. कोपर ओलांडताना मात्र स्पीड एकदम कमी.

नारायण: म्हणजे वायर शाबूत, फॉल्ट सांध्यात. ऑपरेशन लागेल?

सुरुची: ते डॉक्टर सांगतील. कोपर टेकवून बसता का? कुणी दाबतं तिथे?

विमल: मी दाबते. चार महिने झाले. रोज संध्याकाळी, पाटावर कोपर ठेवून, अंगठ्याने.

सुरुची: नस तिथूनच जाते, काकू. आता तिथे बिलकुल दाबायचं नाही.

विमल: दुखत होतं का हो तुम्हाला?

नारायण: झिणझिण्या यायच्या. पार करंगळीपर्यंत.

विमल: मग तोंडाला काय कुलूप होतं?

नारायण: आपल्या अद्वैतला मी घराबाहेर काढलं, तेव्हापासून तू माझ्याशी धड बोलत नाहीस. तेल लावताना तेवढी बोलायचीस. भाजी कशी मिळाली, शेजारच्या सुचेताकडे कोण आलं होतं. म्हटलं, दुखतंय तर दुखू दे.

विमल: जळ्ळं मेलं ते शहाणपण. हात गमावून बसला असतात.

नारायण: पोरगा तर गमावलाच की.

सुरुची: झालं, काका. शर्ट घाला.

विमल: थांबा, बटणं मी लावते. सुरुची, खांद्याला तेल लावलं तर चालेल ना गं?

सुरुची: खांद्याला चालेल, काकू.

विमल: मग संध्याकाळी बसा पाट घेऊन. पण त्याआधी अद्वैतला फोन करायचा.

नारायण: फोन निसटतो गं माझ्या हातातून.

विमल: मी धरते. बोलायचं तुम्ही.