रोहिणीवाल्यांची खरेदी

(नागपूर, १९८७. अरुंधतीचं घर. ती घरगुती कॉम्प्युटरसाठी खेळ लिहिते. समोर तिच्या वडिलांचे मित्र शालिकराम.)

शालिकराम : म्हणजे नाहीच म्हणून राहिली तू?

अरुंधती : नाही कुठं म्हटलं, काकाजी? 'मारबत' खेळाचा दुसरा भाग 'मयूर' कॉम्प्युटरवरच चालेल, एवढंच म्हटलं. तुमच्या 'रोहिणी'वर नाही.

शालिकराम : याले आमच्याकडे नाहीच म्हणतात. मी तुझ्या बाबाचा दोस्त हावो.

अरुंधती : म्हणून तर चहा मिळाला.

शालिकराम : गुडघ्यानं आता मारबतीच्या मिरवणुकीत जाणं होत नाही वं. म्हटलं, पडद्यावर तरी तिचा पुतळा इतवारीतून नेऊन पाहू. रोहिणीत काय खोट आहे?

अरुंधती : काहीच नाही. फक्त रोहिणीवाले खेळ विकत घेत नाहीत. मयूरवाले बघा! मागच्या महिन्यात सदरच्या दुकानातल्या पहिल्या भागाच्या सगळ्या मयूर कॅसेटी उडाल्या. रोहिणीचं अर्धं झालेलं काम बाजूला ठेवलं मी.

शालिकराम : मागच्या महिन्यात? अवं, ते तर आम्ही!

अरुंधती : कोण तुम्ही?

शालिकराम : आमचं रोहिणी मंडळ! धोंडबा, चंपतराव, कन्हानचा रुपराव. पोरीले हुरूप यावा म्हणून सगळ्यांनी घेतल्या. चंपतरावानं तं दोन घेतल्या.

अरुंधती : मयूरच्या? तुमच्या मशीनवर चालत नाहीत त्या?

शालिकराम : भावना पाह्य ना!

अरुंधती : वा! अन् ही भावना दुकानदाराला कळली?

शालिकराम : ठासून सांगतलं त्याले, आम्ही रोहिणीवाले हावो. तो म्हणे, बरं बरं, थैली देऊ का?

अरुंधती : आणि मी इथं मयूरवाल्यांचं कौतुक करत बसली! काकाजी, उद्या त्या कॅसेटी परत करा. सांगा, आमच्या मशीनचा निघेल तेव्हाच घेऊ. मग मी बनवते.

शालिकराम : माझी करतो.

अरुंधती : बाकीच्यांच्या?

शालिकराम : धोंडबाची नाही येणार.

अरुंधती : काहून?

शालिकराम : कॅसेट घरात नुसती पडून होती. पोरं रडून राहिली होती. त्यानं रोहिणी विकली अन् मयूर आणला.

अरुंधती : चंपतराव?

शालिकराम : त्यानं तं त्याच्याही आधी.

अरुंधती : रुपराव तरी?

शालिकराम : काल आला होता सांगायले. लाजून राहिला होता बिचारा.

अरुंधती : म्हणजे मंडळात आता...

शालिकराम : अध्यक्ष आहे ना मी!

अरुंधती : काकाजी, एका माणसासाठी कसा बनवू?

शालिकराम : नको बनवू. मले का समजत नाही?

अरुंधती : असं करा. आतल्या खोलीत माझा मयूर चालूच आहे. बसा, न्या मारबत इतवारीतून.

शालिकराम : नाही वं. तिथं बसलो तं तू मलेही मयूरवाल्यांतच मोजशीन.