रोहित बघायला

लीलाआत्या : अहो, बूट पुसा ने! सगळा चिखल. मुलाकडचे काय म्हणतील?

नंदूकाका : मुलाकडचे आहेत कुठे? मघापासून बगळेच बघतोय. मुलगा दाखवायला वढवाण्याच्या तळ्यावर कोण बोलावतं?

लीलाआत्या : हल्लीची मुलं. कौमुदीच म्हणाली ना फोनवर, “आत्या, रोहितसाठी मी भुजला राहायला जाणार आहे. त्याआधी तू आणि काका त्याला एकदा बघा.” बस ने! माझ्या भाचीनं एवढं सांगितलं, हेच खूप. डबा सरळ धरा, पोहे सांडतील.

नंदूकाका : गार झालेत.

लीलाआत्या : आली बघा. कौमुदी, हा खाकी शर्ट काय गं? आजच्या दिवशी तरी साडी!

कौमुदी : आत्या, इथे भडक काही चालत नाही. तुझ्या या लाल शालूवरही शाल पांघर. आणि हळू बोल, रोहित बिचकतो.

लीलाआत्या : इतका लाजाळू?

कौमुदी : गडबड झाली की सरळ उडून जातो.

नंदूकाका : नोकरी पर्मनंट आहे ना त्याची?

कौमुदी : नोकरी! काय काका तुम्ही पण. सीझनल समजा. पावसाळ्यात कच्छ, थंडीत इकडे.

नंदूकाका : प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात मी आख्खा जन्म एका जागी काढला.

लीलाआत्या : गप्प बसा. घरी कोण कोण आहे गं?

कौमुदी : हजारो. सगळे एकत्रच राहतात.

लीलाआत्या : अगं बाई! मग स्वयंपाक?

कौमुदी : कसला स्वयंपाक? बारीक कोळंबी खातात, कच्चीच. म्हणून तर गुलाबी होतात.

नंदूकाका : गोरा आहे म्हण की.

लीलाआत्या : कच्ची? आपल्या घरात अंडं आलं नाही कधी! बोलायला तरी बरा आहे का?

कौमुदी : बदकासारखा घोगरा आवाज आहे. काका, ही दुर्बीण घ्या. तो बघा डावीकडे, एका पायावर उभा आहे.

लीलाआत्या : आणि दुसऱ्या पायाला काय झालं? कौमुदी, हे आधी सांगायचं ने!

(नंदूकाका दुर्बीण लावतात.)

लीलाआत्या : बोला की. नाक-डोळे कसे आहेत?

नंदूकाका : नाक वाकडं आहे. फारच वाकडं. लीला, तो पक्षी आहे.

कौमुदी : म्हणजे काय, रोहित पक्षी! फ्लेमिंगो. तुला इंग्रजी आवडत नाही म्हणून मी मुद्दाम मराठीत... आत्या, तुला काय वाटलं?

लीलाआत्या : मी कांदेपोहे करून आणलेत गं. आमच्या आख्ख्या सोसायटीला सांगून आलेय. शेजारच्या शालिनीनं तर मला पेढा भरवला.

कौमुदी : अरे देवा. आत्या, मला भुजला काम मिळालंय, यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवायचं. नुसतं सांगितलं असतं तर तू रडली असतीस. म्हणून आधी दाखवायला आणलं.

लीलाआत्या : रडतेच आहे. दादा, तुझा बाबा, गेला तेव्हापासून एकच घोर आहे मला, तुझं म्हणून कुणी असावं. आणि तू त्या कच्छच्या रणात एकटी राहणार?

कौमुदी : मला जायचंय आत्या. पण तू नाही म्हणालीस तर माझा पाय निघणार नाही.

नंदूकाका : हा घर स्वतः बांधतो का गं?

कौमुदी : हो, मातीचं. नर-मादी मिळून बांधतात. अंडीही आळीपाळीनं उबवतात.

लीलाआत्या : आळीपाळीनं? यांनी जन्मात कधी चहा टाकला नाही. आणा ती दुर्बीण इकडे.

नंदूकाका : दिसला?

लीलाआत्या : थांबा हो... अगं बाई, त्यानं पाय बदलला! दोन्ही धड आहेत.

कौमुदी : शालिनीकाकूंना काय सांगशील?

लीलाआत्या : खरं तेच. बघून आलो. उंच आहे, गुलाबी आहे, कच्छात स्वतःचं घर आहे.

नंदूकाका : आणि तारीख विचारली तर?

लीलाआत्या : तुम्ही पोहे वाढा. कौमुदी, खा पोटभर. आणि भुजला जाताना हा डबा घेऊन जा.

कौमुदी : रिकामा?

लीलाआत्या : भरून देईन. परत करायला तरी येशील.