नोटेवरची डावखुरी बाई

नात : थांबा थांबा, आजोबा! पुन्हा सांगा. ‘विसरलो’ म्हणजे काय?

आजोबा : विसरलो म्हणजे विसरलो. आत्ता म्हातारपणी नाही, तेव्हाच. ऐन जवानीत.

नात : अहो, उद्या अख्ख्या शाळेसमोर भाषण आहे माझं! बंद झालेल्या नोटेवरच्या चित्रांवर. शेवट बघा काय झक्कास लिहिलाय : ‘बियाणं पेरणाऱ्या या बाईचा डावा हात पुढे आहे, कारण डावी बाजू काळजाची!’

आजोबा : कुठून उचललंस?

नात : नोटांच्या छापखान्याच्या पुस्तिकेतून.

आजोबा : ती पुस्तिका नोटेनंतर वर्षभराने निघाली. आधी चूक झाली, मग तिला अर्थ चिकटवला.

नात : कसली चूक? नोट तर तुम्हीच कोरलीत ना?

आजोबा : म्हणून तर सांगतोय. पोलादावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. त्यासाठी चित्र आरशात बघायचं. अक्षरं, कणसं, पक्षी, सगळं आरशात बघून कोरलं. बाईच्या वेळी आरसा लावायचा राहिला. चित्रात ती उजव्या हाताने पेरत होती, नोटेवर झाली डावखुरी. लाखो नोटा छापल्यावर साहेबांच्या लक्षात आलं. माझी बढती गेली.

नात : पण दुसरीत वर्गाच्या बाई मला डाव्या हाताने लिहिते म्हणून ओरडल्या, तेव्हा तुम्हीच ही नोट माझ्या दप्तरात ठेवलीत! ‘बघ, तुझ्यासारखीच आहे’ म्हणालात! म्हणजे मी इतकी वर्षं एका चुकीच्या जिवावर मिरवतेय?

आजी : विसरले म्हणे! चाळीस वर्षांत घरी कधी चष्मा विसरला नाही या माणसाने, तो आरसा विसरेल?

आजोबा : तू बटाटे सोल. मध्ये पडू नकोस.

आजी : मधेच आहे मी. बढती गेली तेव्हा मला म्हणालात, साहेबांशी वाजलं!

नात : आजी, काय चाललंय? मला काहीच कळत नाहीये.

आजी : शाळेत मास्तर माझा डावा हात वेणीच्या रिबिनीने बाकाला बांधायचे. उजवा वळेपर्यंत. हे जगात एकट्या यांना ठाऊक.

नात : तू? तू डावखुरी?... आजोबा! विसरलात की मुद्दाम केलंत?

आजोबा : चौकशीत ‘विसरलो’ असं लिहून सही केलीय मी.

नात : ते साहेबांना हो! मला सांगा ना.

आजोबा : जरा पाणी आण बघू.

नात : झालं! मग उद्या बोलू काय मी? काळीज म्हणू, चूक म्हणू, की आजी म्हणू?

आजी : विसरले म्हण. त्याखाली सही आहे त्यांची.

(आजी बटाट्यांची परात पुढे ओढते.)

आजी : तो चाकू दे गं. (नात तो उजव्या हातात देऊ लागते.) अंहं, या हातात नको.