आठवं मत

कैरोतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात म्हातारा डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होता. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या टीव्हीवरच्या चित्रपट अकादमीच्या सोहळ्यावर तोंडसुख घेत होत्या. आवाज ओळखीचे निघाले, तसा तो अंग चोरून बसला.

“करीमान, आपलं पहिलं वर्ष आठवतं? संकलनाच्या पारितोषिकाला मतं देणारे आपण संकलकच आठ जण.”

“आणि मिळालं कुणाला? त्या रागिबला! कात्री धरता येत नव्हती मेल्याला.”

“सात मतं पडली त्याला!”

“स्वतःला मत देता येत नव्हतं ना. तुला जिंकवण्यापेक्षा मत वाया गेलेलं बरं, म्हणून मी त्याला दिलं. म्हटलं, त्याला दुसरं कोण देतंय?”

“अगं बाई! मीपण अगदी हेच केलं.”

“इन्साफ, तूसुद्धा?”

“पण मग मला पडलेलं ते एक मत? चाळीस वर्षं समजतेय, ते तुझं. म्हणून तर दर ईदला बिस्किटांचा डबा पाठवते तुला.”

“मला वाटायचं, खिजवायला पाठवतेस. मला एकही पडलं नव्हतं ना.”

“मग दिलं कुणी? बाकीचे तर आपल्याहून जळके.”

“आपण सातही जणांनी रागिबला दिलं असेल, तर उरतो फक्त...”

“उस्ताद रागिब!” नर्सने दारातून हाक मारली. “चला, पट्टी काढायची.”

मागे घाईघाईने पिशव्या आवरल्याचा आवाज झाला.

“राहू दे पोरी थोडा वेळ,” म्हातारा म्हणाला. “आधी या दोघींना जाऊ दे.”